टाळ्या नकोत, चूक सांगा

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कापड कापायच्या टेबलाशी तिचा शब्द शेवटचा. कारखाना म्हणजे एका गोदामाच्या वरच्या मजल्यावरचा लांबलचक हॉल. दवाखान्याचे कोट, नर्सांचे गणवेश, शिपायांचे सदरे असलं सगळं तिथे शिवलं जाई. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी फर्मा ठेवून खडूनं आखायचं आणि मग मशीनचं उभं पातं त्या आखणीवरून फिरवायचं. एकदा फिरलं की फिरलं. हात जरासा हलला तर खालपर्यंतच्या सगळ्या बाह्या एकदम आखूड. त्यामुळे त्या टेबलाशी गोड बोलणं परवडायचं नाही आणि मास्तरीण बोलायचीही नाही. "खांदा कुठे चाललाय तुझा? कापड कापतेस की केक?" असं ती पोरींना तोंडावर सुनवायची. पोरी गाल फुगवायच्या, डबा खाताना तिची नक्कल करायच्या, आणि वर्षभरात त्यांचा हात असा बसायचा की दुसऱ्या कारखान्यांतून बोलावणी यायची.

तिथल्या जुन्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मास्तरीण जिला बोलते तिची काळजी नको. जिला बोलायचं थांबवते, जिच्या वाकड्या कापाकडे बघून नुसतं "असू दे हं" म्हणते, तिनं दुसरीकडे काम बघायला लागावं. म्हणजे बाईनं तिच्यावरची आशा सोडली.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती जे करून बसली ते याशिवाय कळायचं नाही आणि लोक उगाच तिला हेकट म्हणत बसतील. हेकट ती होतीच, पण बिनकारणाची नव्हती.

पन्नाशी ओलांडल्यावर तिला पळायचं वेड लागलं. कसं, तर एके दिवशी सकाळी कामाची बस सुटत होती आणि ती मागे धावली. बस मिळाली. दांडा धरून उभी राहिली, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि मनात काय, तर बस जरा उशिरा मिळाली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम बस सोडली आणि पुढच्या थांब्यापर्यंत पळत गेली. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. आठवड्याभरात कंडक्टर ओळखीचा झाला, म्हणायला लागला, "बाई, आता तिकीट कशाला काढता?"

तिचा नवरा वीजबिलाच्या खिडकीवर आयुष्य काढून नुकताच घरी बसला होता आणि रिकामपणी गाडी चालवायला शिकत होता. शिकत होता म्हणजे काय, क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि हा डोळे मिटायचा. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक पळणारा गडी होता. त्याची एक टोळीच होती, नाव 'पळता भुई', आणि तो त्या टोळीचा कॅप्टन. नवऱ्यानं बायकोचं बसमागे पळणं त्याच्या कानावर घातलं. कॅप्टन म्हणाला, "पाठवा काकूंना." अशी ती टोळीत आली.

टोळीचा नियम साधा होता. पळून आलं की फोनवरच्या ग्रुपमध्ये तीन गोष्टी टाकायच्या: आज किती, कसं गेलं, कुठे दुखलं. मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे सोलून काढायचं. विमावाला म्हणून एक होता, पॉलिसी विकताना साखरेसारखा आणि पळताना बैलासारखा. त्यानं लिहिलं, "आज सोळा. शेवटी पाय जड." की दहा जण तुटून पडायचे. आणि सगळ्यांच्या वरताण कॅप्टनचा आवाज. तो शिकवणीच्या गाडीतूनच बोलून पाठवायचा, त्यामुळे मध्ये मध्ये दुसऱ्याच कुणाचे कान उपटले जात. "पाय जड होणारच, पहिल्या मैलात कुणाला दाखवायला उधळला होतास? अहो, दुसरा गिअर, दुसरा. आणि हात छातीशी काय बांधून घेतोस, थंडी वाजते का? ब्रेक, ब्रेक, ब्रेक." बँकेतल्या कॅशियर मुलीला तर त्यानं एकदा सांगितलं, "तू पळत नाहीस, तू खड्डे चुकवतेस. जमिनीवर ये." ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी जमिनीवर आली.

मास्तरीण हे सगळं कान देऊन ऐकायची. तिला ते आपल्याच टेबलाशी बसल्यासारखं वाटायचं. हे खरे लोक, असं ती मनाशी म्हणायची, यांना काम कळतं.

मग तिनं पहिल्यांदा लिहिलं, "आज चार. बरं गेलं. डावा गुडघा थोडा." आणि फोन हातात धरून बसली.

टाळ्या आल्या. फुलं आली. पिळदार दंडाची चित्रं आली. "वा काकू." "काकू, तुम्ही आमची प्रेरणा." "या वयात हे जमणं म्हणजे कमाल." कॅप्टनचा आवाज आला तोही नुसता लोण्यासारखा, "काकू, फारच छान. असंच चालू ठेवा." गुडघ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सुरुवातीला तिला वाटलं, नवी आहे म्हणून. चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा झाले. रविवारी सगळे मिळून लांब पळायला जात, तिथेही ती शेवटची का होईना, पण पुरं करून यायची. टाळ्या वाढत गेल्या आणि शब्द तेच राहिले. गुडघा मात्र दुखतच होता. तिनं एकदा कॅप्टनला समोरासमोर विचारलं, "माझं काय चुकतंय?" तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "काकू, तुमचं काय चुकणार? तुम्ही पळताय हेच मोठं आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मला काढून टाकलंय त्यांनी."

"कुठून काढलं? ग्रुपमध्ये तर आहेस की."

"असू दे हं म्हणतायत मला," ती म्हणाली. नवऱ्याला काही बोध झाला नाही. तो आपला मान हलवून क्लचचा विचार करत राहिला.

मग तिनं त्यांची परीक्षा घेतली. माझं विचाराल तर ही परीक्षा तिनं आधीच घ्यायला हवी होती. पळणाऱ्यांच्यात तीन मोठी पापं असतात, नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात: नवे बूट घालून लांब जायचं नाही, पाण्यावाचून जायचं नाही, आणि दुखत्या पायानं चढ चढायचा नाही. मास्तरणीनं एका सुट्टीच्या दिवशी दुपारी गादीवर पाय पसरून, अंगाला घाम नसताना, ग्रुपमध्ये लिहिलं, "आज नवे बूट घालून, पाणी न पिता, दुखऱ्या गुडघ्यानं टेकडी तीनदा चढले. मस्त वाटलं."

विमावाल्यानं यातलं एक जरी लिहिलं असतं ना, तर कॅप्टननं गाडी कडेला लावून त्याची सालटी काढली असती. काकूंना काय आलं? टाळ्या. पिळदार दंड. "काकू थांबतच नाहीत." कॅशियरनं तर कारंजं पाठवलं. आणि कॅप्टन म्हणाला, "वा, काय जिद्द आहे."

तिनं फोन उशीखाली कोंबला आणि ओक्साबोक्शी रडली. इतकी की नणंद आतून बाहेर आली. ही नवऱ्याची थोरली बहीण, शाळेतली नोकरी संपल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. सगळ्यांना आयुष्यभर तिनं बाकावर उभं केलं होतं, सवय जात नव्हती. "काय झालं गं? कुणी बोललं का तुला?"

"कुणी बोलत नाही म्हणून तर रडतेय, ताई."

"देवा रे," नणंद म्हणाली आणि आत गेली.

पण बाई रडून मोकळी झाली ती चिडूनच उठली. शहरातली मोठी मॅरेथॉन दोन महिन्यांवर होती. टोळीतले बहुतेक पूर्ण शर्यत पळणार होते, बेचाळीस किलोमीटरची. कॅप्टन सगळ्यांची नावं एकदम नोंदवायचा. तिनं आपले कागद आणि पैसे त्याच्या हातात दिले आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "पूर्ण." तिचा हिशोब सरळ होता. एकदा पूर्ण अंतर पळून दाखवलं की ती त्यांच्यातली एक होणार. मग त्यांना तिच्याशी माणसासारखं बोलावंच लागेल. शोभेच्या कुंडीला पाणी घालतात तसं नाही.

ते दोन महिने ती जशी राबली तसं कुणी लग्नाच्या वर्षातही राबत नसेल. पहाटे पळायची, मग दिवसभर टेबलाशी उभी, संध्याकाळी पाय भिंतीला टेकवून आडवी. नणंद टोमणे मारायची, "घरात म्हातारी मी आहे आणि चालतेस तू लंगडत." ही म्हणायची, "तुम्हीही या, दोघी लंगडू." कारखान्यातल्या पोरींनी पैज लावली की मास्तरीण अर्ध्यातून रिक्षानं येणार. तिला ती पैज कळली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की काही विचारू नका. निदान इथे कुणीतरी विश्वास नाही असं तोंडावर म्हणत होतं.

शर्यतीच्या आठवड्यात छातीवर लावायचे नंबर आले. कॅप्टननं सगळ्यांना स्कूलच्या ऑफिसात बोलावलं. छोटीशी खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात शिकवण्यासाठी चिरून ठेवलेलं इंजिन. तो एकेकाचं नाव घेऊन पाकीट देत होता. विमावाल्याच्या नंबरावर नारिंगी पट्टी. बाकीच्यांच्याही नारिंगी. मास्तरणीनं पाकीट उघडलं तर पट्टी हिरवी.

"हे काय?"

"दहाची," कॅप्टन म्हणाला आणि असा हसला जणू भेटवस्तूच दिलीय. "काकू, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. बेचाळीसचा त्रास तुम्हाला कशाला? गुडघा आहे, वय आहे. तुम्ही दहा पळा, मजेत. आणि शेवटी तुमच्यासाठी खास फीत धरणार आहोत, आपल्या कॅशियरचा पाय मुरगळलाय, ती पळत नाहीये, तीच धरेल. 'आमची प्रेरणा' असं छापून घेतलंय. फोटोवाला सांगितलाय."

टोळीनं टाळ्या वाजवल्या. खोली एवढीशी, त्यात त्या टाळ्या.

"बदलून मिळेल?" तिनं विचारलं.

"नोंदणी बंद झाली हो काकू. पण तुमच्या भल्यासाठीच केलं."

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मीही मान्य करतो. कॅप्टन मनानं चांगला होता. पण मनानं चांगली माणसं एखाद्याचं जे वाटोळं करतात ते दुष्टांच्या बापालाही जमत नाही. दुष्टाशी भांडता तरी येतं.

मास्तरीण भांडली नाही. पाकीट पिशवीत घातलं, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना नवऱ्याला सांगितलं. "दहा पळणार. फितीपाशी पोचणार. आणि थांबणार नाही. मैदानाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून आपल्या रविवारच्या रस्त्यानं पाण्याच्या मोठ्या टाकीपर्यंत जाणार आणि परत. उरलेले बत्तीस भरतात बरोबर. फूटपाथवरून जाईन, फूटपाथ काही शर्यतवाल्यांच्या बापाचा नाही."

नवऱ्यानं चहाचा घोट घेतला. "अगं, पण पदक? वेळ? कुठे नोंद नाही होणार."

"नको."

"आणि गुडघा?"

"तो माझा आहे."

त्यानं आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "पाणी कुठे कुठे ठेवू?"

संसारात याच्यापेक्षा मोठं प्रेमाचं वाक्य मी ऐकलेलं नाही. तो बिचारा तीन दिवस बसनं त्या रस्त्यावर हिंडला. औषधाच्या दुकानात एक बाटली, चाव्या बनवणाऱ्याकडे एक, सायकलवाल्याकडे एक, सोबत केळी आणि मिठाच्या पुड्या. प्रत्येकाला सांगायचा, "माझी बायको पळत येईल, तिला द्या." चावीवाल्यानं विचारलं, "कुणापासून पळतायत?"

शर्यतीच्या दिवशी पूर्णवाले अंधारातच निघून गेले. दहावाल्यांची झुंड नंतर सुटली, त्यात फुगे होते, पोट सुटलेले बाप होते, सशाचे कान घातलेल्या मुली होत्या. मास्तरीण त्या सगळ्यांच्यात तोंड मिटून पळत होती, लग्नघरात हिशोब करणाऱ्या माणसासारखी. मुद्दाम सावकाश. जिला बेचाळीस जायचंय तिनं दहात जीव घालवायचा नसतो, हे तिनं दुसऱ्यांना पडलेल्या शिव्यांतून शिकून घेतलं होतं.

मैदानात शिरली तर समोर फीत. एका टोकाला कॅशियर, पायाला पट्टी बांधलेली, दुसऱ्या टोकाला साक्षात नणंद, हातात फुलांचा गुच्छ. फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. कर्ण्यावरचा माणूस ओरडत होता. मास्तरीण आली, फीत छातीवर घेतली, कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं. पाय थांबलेच नाहीत. तिनं ते पदक काढलं, नणंदेच्या हातात दिलं, "ताई, धरा जरा," आणि मागच्या फाटकाकडे वळली. फितीचं एक टोक खांद्यावर तसंच लोंबत होतं, ते तिनं झटकून टाकलं.

"काकू, संपली शर्यत," कॅशियर मागून ओरडली.

"तुमची संपली असेल," मास्तरीण म्हणाली आणि गेली.

बाहेरचा रस्ता रोजचाच होता. रस्ते अडवलेले नाहीत, पाण्याची टेबलं नाहीत, टाळ्या नाहीत. फूटपाथवर उभ्या केलेल्या स्कूटर, बसच्या रांगा, दुकानांसमोर धुतलेल्या पाण्याचे ओघळ. लोक छातीवरचा नंबर बघून सांगायचे, "बाई, चुकलात तुम्ही, शर्यत तिकडे आहे." ती म्हणायची, "माहीत आहे." एक म्हातारा काठी टेकत चालला होता, तो म्हणाला, "मग इकडे कशाला तडफडताय?" त्याला तिनं मनापासून नमस्कार केला.

टाकीपर्यंत ठीक गेलं. औषधवाल्यानं बाटली दिली, सायकलवाल्यानं केळं सोलून दिलं. टाकीला वळसा घालून ती उलटी फिरली आणि तिथून गुडघ्यानं डोकं वर काढलं. आधी कुरकुर, मग ठणका, मग प्रत्येक पावलाला आतून कुणी सुरी फिरवल्यासारखं. तिनं चालून बघितलं, चालतानाही तेच. ऊन चढलं होतं. एका बंद बँकेच्या पायरीवर ती बसली ती बसलीच. आणि नेमकी बस समोर येऊन थांबली. दार उघडलं. आत रिकामी जागा दिसत होती, खिडकीजवळची, सावलीतली.

घरी गेलं तर काय होणार, तेही तिला लख्ख दिसत होतं. ग्रुपमध्ये लिहावं लागणार, "वाटेत सोडली." आणि टाळ्या येणार. हेच तर. सोडली तरी टाळ्या, पुरी केली तरी टाळ्या. "काकू, प्रयत्न केलात हेच मोठं." त्या वाक्याचा तिला इतका संताप आला की ती कठड्याला धरून उठली आणि बसच्या ड्रायव्हरला हातानं खूण केली, जा. बस गेली. ती लंगडत पळायला लागली.

इकडे मैदानात कॅप्टन आपली शर्यत संपवून पाय ओढत आला तर कॅशियर रडवेली आणि नणंद फणकारलेली. "ती गेली," नणंदेनं पदक त्याच्या नाकासमोर धरलं. "बत्तीस किलोमीटर आणखी पळायला गेली. भावाचा फोन आला आत्ता, त्यालाही सगळं माहीत होतं. तुम्ही तिला काय केलंत?" कॅप्टनला गाडी काढायची होती, पण पायांत ब्रेक दाबायचंही त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात मास्तरणीचा नवरा तिथे येऊन पोचला. कॅप्टननं त्याच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि किल्ली त्याच्या हातात दिली. दुसरा इलाजच नव्हता.

तर मास्तरीण भर उन्हात फूटपाथवरून लंगडतेय, आणि मागून ती छपरावर पाटी लावलेली शिकवणीची गाडी उड्या मारत आली. स्टिअरिंगवर नवरा, घामानं निथळलेला, दोन्ही डोळे उघडे. शेजारी कॅप्टन, खिडकीतून अर्धा बाहेर.

"काकू, थांबा. बसा गाडीत. माझं चुकलं, माफ करा. तुम्ही जिंकलात."

"काही जिंकले नाही," ती पळता पळता म्हणाली. "अजून सात राहिलेत."

"काकू, तुम्ही खरंच ग्रेट—"

"तोंड बंद," ती म्हणाली, कारखान्यातल्या आवाजात. गाडी आपोआप थांबली, नवऱ्यानंच ब्रेक मारला. "आणखी एकदा ग्रेट म्हणालात तर ही बाटली फेकून मारीन. डोळे आहेत ना तुम्हाला? विमावाल्याचे छातीशी बांधलेले हात दिसतात, कॅशियरची उडी दिसते. मग माझं बघा आणि सांगा, काय चुकतंय ते."

गाडी पुन्हा उडी मारून सुरू झाली. कॅप्टन तिच्या पायांकडे बघायला लागला आणि त्याचा चेहरा कसनुसा होत गेला.

"डावं पाऊल," तो शेवटी म्हणाला. "डावं पाऊल तुम्ही बाहेर फेकता. दर पावलाला. गुडघा त्यानं पिळला जातो."

"हे आत्ता दिसलं?"

"नाही." तो खाली बघत म्हणाला. "पहिल्याच रविवारी दिसलं होतं."

मास्तरीण थांबली. सबंध दिवसात पहिल्यांदाच कुणाच्या तरी बोलण्यासाठी थांबली.

"एवढे महिने मी त्या गुडघ्यावर रात्र रात्र फडकी बांधतेय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. सोडून जाल. तुमच्या वयाच्या माणसाला कसं—"

"माझ्या वयाच्या माणसाला गुडघे नसतात का?" आता तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. "कॅप्टन, मी जन्मभर पोरींना त्यांच्या चुका सांगत आलेय. बोललेल्यांपैकी एक गेली नाही. ज्यांना काही बोलले नाही, त्या गेल्या. तुम्ही मला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं होतंत. वर फुलं देत होतात."

मागे दोन गाड्यांनी भोंगे वाजवले. नवरा हळूच म्हणाला, "अगं, इथे थांबायला मनाई आहे."

तिनं पदरानं तोंड पुसावं तसं बाहीनं तोंड पुसलं. "चला, बोला आता. बघायला लागा."

आणि कॅप्टन बोलायला लागला. आधी चाचरत, मग त्याचा नेहमीचा आवाज लागला. "पाऊल आत. आत म्हणतोय, तुम्ही सरळ टाकताय. खांदे काय कानाला लावलेत? सोडा. काका, क्लच. हात काय झोपाळा आहे? कोपर मागे. परत बाहेर फेकलं. परत. ऐकू येत नाही का? काका, उजवीकडे बघा, सायकल आहे." फूटपाथवरचे लोक थबकून बघत होते, की हा कोण मेला थकल्या बाईला भर रस्त्यात झापतोय. एका भाजीवालीनं त्याला शिव्याही घातल्या. मास्तरणीला गुडघ्यात तर दुखत होतंच, पाऊल आत वळवल्यामुळे आता मांडीतही नव्या जागी दुखायला लागलं. तरी ती प्रत्येक शब्दासरशी पाऊल बदलत होती, चुकत होती, पुन्हा बदलत होती.

मैदानापर्यंत पोचेस्तोवर शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून टाकली होती आणि माणसं खुर्च्या उचलत होती. फोनवर बेचाळीस भरले ते मैदानाच्या अलीकडेच, एका टायरच्या दुकानासमोर. दुकानदार पंक्चर काढत होता, त्यानं मानही वर केली नाही. नवऱ्यानं गाडी कडेला आपली आपण, सरळ, लावली. कॅप्टनचे हात टाळीसाठी वर आले आणि त्यानं ते खाली घेतले.

संध्याकाळी ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. नवरा सोफ्यावरच झोपून गेला होता. तिनं ग्रुपमध्ये लिहिलं, "आज बेचाळीस. दहा तुमचे, बत्तीस माझे. टाळ्या नकोत. ज्याला जे दिसलं असेल ते बोला."

मग कॅप्टनचा आवाज आला, चांगला लांबलचक. डाव्या पावलापासून सुरुवात करून त्यानं तिचं सगळं पळणं उसवून ठेवलं. त्याच्या मागोमाग विमावाला म्हणाला, काकू, वळणावर तुम्ही मान खाली घालता, परत येताना समोरून मला कितीदा दिसलंय. कॅशियर म्हणाली, केळी फार लवकर खाता, म्हणून शेवटी गळता. मग आणखी एक, मग आणखी. कुणी थांबायलाच तयार नव्हतं, इतके महिने साठलं होतं सगळ्यांच्या पोटात.

फोन मोठ्या आवाजात लावला होता. आतून नणंद तरातरा बाहेर आली. तिच्या हातात ते पदक होतं. "हे काय चाललंय? एवढी मरमर पळून आलीस आणि वर ही बोलणी? लाज नाही वाटत यांना? आणि तू हसतेस काय अशी? बंद कर ते आधी."

"ताई, जरा गप्प बसा ना," मास्तरीण म्हणाली आणि फोन कानाशी धरला. "माझ्याबद्दल बोलतायत."